आजोबांचा वस्तरा चालता करायचा आहे, पहिला दगड कोणता घेऊ?

पेठकर२६

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पुण्यात कसब्यातला आमचा वाडा रिकामा केला, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडला. फडक्यात गुंडाळलेला होता आणि ते फडकं तेलाने पिवळं पडलं होतं. पात्याच्या बुडाशी 'सोलिंगन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव) एवढंच वाचता येतं, त्यावरचं नाव घासून गेलंय. मूठ काळी आहे, एका बाजूला बारीक चीर आहे. पात्यावर गंजाचे चार-पाच ठिपके आहेत, पण धारेपासून लांब. धारेच्या मधोमध मात्र एक खाच आहे. डोळ्यांना जेमतेम दिसते, नख फिरवलं की लागते.

आजोबा १९९८ साली गेले आणि मी पुढच्या वर्षी जन्मलो. बाबा सांगतात की रोज पहाटे ते मागच्या दाराच्या कडीला चामड्याचा पट्टा अडकवून त्यावर वस्तरा ओढायचे आणि त्या आवाजानेच घराला जाग यायची. मला हा वस्तरा काचेच्या कपाटात ठेवायचा नाही. याच वस्तऱ्याने दाढी करायची आहे.

पण दगडाचं काही कळत नाही. बोहरी आळीत दोन दुकानं पालथी घातली. सुतार पटाशीला वापरतात तो कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळाला, पण दुकानदार स्वतःच म्हणाला, "वस्तऱ्यासाठी असेल तर नेऊ नका." ऑनलाइन बघायला गेलो तर ४००, १०००, ३०००, ६०००, ८०००, १२००० असे नंबरांचे दगड, शिवाय हिऱ्याच्या प्लेटा, बेल्जियमचे नैसर्गिक दगड, जपानी नैसर्गिक दगड. कोणी म्हणतं सात लागतात, कोणी म्हणतं एकच पुरे. माझं बजेट पाच हजार आहे, तेही जमवून.

परवा गल्लीत सायकलवर सुरी-कात्रीला धार लावणारे आले होते. "द्या, दोन मिनिटांत करतो" म्हणाले. वस्तरा हातात घेऊन दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. बरोबर केलं ना? आणि आता नेमकं काय घेऊ?

भोसरीचा_फिटर

अगदी बरोबर केलंस. सायकलच्या चाकावर वस्तरा कधीच द्यायचा नाही. त्या कारागिराचा हात चांगला असला तरीही नाही. चाकाखाली एवढी पातळ धार क्षणात तापते. निळी झाक आली की समज पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. मग त्यावर जगातला कुठलाही दगड घास, धार टिकणार नाही. नव्याने पाणी द्यायचं काम घरात होत नाही.

मी ३४ वर्षं भोसरीत कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवतात तिथे, काढली. डाय आणि पंच घासणं, लॅपिंग म्हणजे बारीक घासून गुळगुळीत करणं, सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, फेस जुळवणं हेच काम. निवृत्त झाल्यावर वस्तऱ्यांकडे वळलो आणि गेली नऊ वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दगड निवडण्याआधी वस्तऱ्याची रचना समजून घे. सुरीला धार लावताना कोन हाताने धरावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन बनवणाऱ्यानेच बसवलेला असतो. पातं दगडावर आडवं ठेवलं की जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, आणि तोच तुझा कोन. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) असेल तर मोजून बघ. पातं साधारण १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून कोन सोळा अंशांच्या आसपास येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा तीस-चाळीस असतो. म्हणजे कोन धरायची काळजी तुला नाही. मात्र दगड सपाट नसेल तर पाठ एकीकडे टेकते, धार दुसरीकडे, आणि सगळं गणित फिसकटतं. म्हणून दगड सपाट करायची सोय दगडासोबतच घे, त्यात काटकसर करू नकोस.

आता ग्रिट. तो आकडा कणांच्या आकाराचा आहे. जपानी मापात १००० म्हणजे साधारण साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, ४००० म्हणजे तीन, ६००० म्हणजे दोन, ८००० म्हणजे सव्वाच्या जवळ. हजाराचा दगड बेव्हल बनवतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार घासत आणून एका रेषेत मिळवतो. पुढचे सगळे दगड आधीच्या दगडाचे ओरखडे काढतात, एवढंच त्यांचं काम. नवीन माणूस नेमका इथे चुकतो. हजारावर वीस-पंचवीस हात मारतो, म्हणजे तेवढ्या वेळा वस्तरा ओढतो, पात्याला चकाकी येते, समाधान वाटतं, आणि तो बारा हजारावर जातो. दाढी ओढते. मग त्याला वाटतं याहून बारीक दगड हवा, म्हणून तो आणखी महागडा घेतो. अरे, दोन उतार मिळालेलेच नाहीत तर तू चकाकवतोयस काय?

म्हणून तुझ्या पाच हजारांत मी असं बसवेन. १०००/६००० असा जोड असलेला एकच जपानी पाण्याचा दगड. किंगचा हा जोड जुना आणि भरवशाचा आहे, हजाराची बाजू मऊ आहे, कापते चांगली. ६००० नंतर आणखी दगड घेऊ नकोस, १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक कण लावलेला प्लास्टिकचा पातळ ताव, घे. फायबर ऑप्टिकची टोकं घासायला वापरतात तीच. काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा कडा घासून आण, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून फिल्म पसरली की चिकटून बसते. खाली हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. बारा हजाराच्या दगडाचं काम ही फिल्म करते आणि ती सपाट आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. फिल्म झिजली की नवी. उरलेल्या पैशांत चामड्याचा पट्टा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग. एक काळा परमनंट मार्कर घरात असेलच.

दगड सपाट करायला त्याच काचेवर २२० किंवा ३२० नंबरचा वॉटर पेपर ठेव. दगडावर पेन्सिलीने चौकड्या आख, पाणी टाकून घास. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर सपाट. मधल्या रेघा राहिल्या तर दगड मध्ये खोल गेलाय. हे एकदा करून संपत नाही. हजाराची बाजू मऊ असल्याने लवकर खोलगट होते, दर बैठकीला बघायचं.

मार्कर कशाला? टूलरूममध्ये आम्ही सरफेस प्लेटला प्रशियन ब्लू हा निळा रंग लावून जॉब त्यावर फिरवायचो. निळं कुठे लागलं, कुठे नाही, त्यावरून उंचवटा कळायचा. इथे उलटं करायचं. धारेच्या उतारावर काळी शाई लाव, हजारावर दोन हात मार, आणि भिंगातून बघ. शाई अगदी काठापर्यंत पुसली गेली असेल तर दगड तिथे पोचतोय. काठाला केसाएवढी काळी रेघ राहिली असेल तर नाही. ती रेघ बुडापासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी नाहीशी होईपर्यंत हजार सोडायचा नाही. तुझ्या खाचेमुळे वेळ जास्त लागेल, कारण अख्खी धार त्या खाचेच्या तळापर्यंत खाली आणावी लागेल. दोन-तीन संध्याकाळी धरून चाल. झालं की हातावरचे केस पूर्ण लांबीवर सारखे निघाले पाहिजेत, आणि तेही हजारावरच.

नैसर्गिक दगडाच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. दगड सुंदर असतात, पण एकासारखा दुसरा नसतो. धार आली नाही तर चूक दगडाची की हाताची हे तुला कसं कळणार? आणि अनोळखी विक्रेत्याच्या आकड्यांवरही जाऊ नकोस. मी सुरुवातीला १०,००० छापलेला एक स्वस्त दगड ऑनलाइन घेतला होता. ओरखडे इतके खोल पडले की जुन्या कारखान्यात जाऊन मायक्रोस्कोपखाली बघितले. तो दगड जेमतेम दोन-तीन हजाराचा असावा.

शेवटचं, आणि हे मनापासून. आजोबांच्या वस्तऱ्यावर शिकू नकोस. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, पातं सरळ असलेला, वाकडातिकडा नसलेला एक जुना वस्तरा उचल आणि त्यावर हात बसव. पोलाद घासून गेलं की परत येत नाही.

धोकटी

फिटर काकांनी सगळं शास्त्र सांगितलंय, मी घरातलं सांगतो. माझ्या आजोबांचं शनिवार पेठेत दुकान होतं, आणि त्याच्याही आधी ते धोकटी (न्हाव्याची हत्यारांची पिशवी) घेऊन वाड्यावाड्यांत जायचे. धारेच्या दगडाला आमच्याकडे पथरी म्हणत. तळहाताएवढी, मधे किंचित झिजलेली, कापडात बांधलेली. पण ती पथरी रोज निघत नसे. रोज लागायचा तो पट्टा. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी पट्ट्यावर वस्तरा, आणि गर्दी असली तर तळहातावर. पथरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा, दुपारी दुकान शांत असताना. बाहेर बसून, एक शब्द न बोलता.

म्हणून पेठकर, पट्टा चांगला घे. पट्टा म्हणजे उरलेल्या पैशांची गोष्ट असं समजू नकोस. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. हे एकदा जरी उलटं झालं तरी पट्टा चिरतो आणि धारही जाते. वळवताना नेहमी पाठीवर वळवायचं, धारेवर कधीच नाही. पट्टा ताणलेला हवा, झोळ पडला की धार गोल होते. आजोबा माझ्या हातात आधी लाकडी पट्टी द्यायचे, वस्तरा नाही. आठ दिवस ती पट्टी ओढली, मनगट आपोआप वळायला लागलं, मग पोलाद हातात मिळालं.

आमच्या दुकानात आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आहे, सगळीकडेच आहे, आणि गिऱ्हाइकाच्या आरोग्यासाठी तेच योग्य आहे. पण त्यामुळे पथरी धरता येणारे हात आमच्याही घरात राहिले नाहीत. तू हे शिकतोयस ते वाचून फार बरं वाटलं.

मायक्रोटोम_ताई

मी दाढीबद्दल काही सांगू शकत नाही, पण ही धार माझ्या ओळखीची आहे. बत्तीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातल्या ऊतींचे तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये, टेक्निशियन होते. डिस्पोजेबल ब्लेड येण्याआधी मायक्रोटोमची, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्राची, सुरी आम्हीच हाताने पाजवायचो. पॅराफिनच्या ठोकळ्यातून ४-५ मायक्रॉनचा काप काढायचा. सुरीला एवढीशी खाच असली तरी प्रत्येक कापावर उभी रेघ उमटते, आणि त्या रेघेखाली डॉक्टरांना जे बघायचं असतं तेच फाटलेलं असतं. त्यामुळे आम्ही धारेला फार जपायचो.

तुमच्या वस्तऱ्याची जाड पाठ जे काम करते, त्यासाठी आमच्या सुरीला मागे एक धातूची पन्हळ चढवायची, म्हणजे ती दगडावर त्याच कोनात राहायची. आमच्याकडे बेल्जियमचा पिवळा दगड होता, हलका पिवळा, खाली काळसर पाटी जोडलेली. त्या दगडात गार्नेटचे बारीक कण असतात, कापतात तेच. दगड उत्तमच होता. पण फिटर काका म्हणतात ते पटतं, तो समजायला मला वर्ष लागलं होतं. पेठकरांनी आत्ता घेऊ नये.

दोन गोष्टी वाढवते. एक, स्वच्छता. हजारावरून सहा हजारावर जाताना वस्तरा धुवा, मूठ धुवा, स्वतःचे हात आणि नखं धुवा, आणि फडकं वेगळं ठेवा. आमच्या लॅबमध्ये एकदा जाड दगडाचे कण फडक्यावरून पिवळ्या दगडावर गेले. तीन दिवस प्रत्येक स्लाइडवर रेघा. सगळे सुरीला दोष देत होते. शेवटी दगड घासून स्वच्छ केला तेव्हा रेघा गेल्या. वस्तऱ्याच्या मुठीत, पातं मिटतं त्या खाचेत चिखल साचतो, तिथे कापसाची काडी फिरवा.

दुसरं, बघायचं कसं. टेबललॅम्पखाली धार सरळ आपल्या डोळ्यांकडे करून धरा आणि हळूच तिरकी करत जा. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, कारण फेकायला तिला रुंदीच नसते. कुठे चांदणीसारखा ठिपका चमकला तर तिथे खाच आहे किंवा धार दुमडली आहे. सलग पांढरी रेघ दिसली तर धार अजून मिळालेलीच नाही. केस कापून बघण्याआधी मी हे बघायचे.

पाठीला इन्सुलेशन टेपचा एक थर लावला तर पाठीवर घासल्याचे पट्टे पडत नाहीत. आजोबांचं नाव-निशाण जपायचं असेल तर लावा.

भोसरीचा_फिटर

ताई, प्रकाशाची खूण एक नंबर. टेपबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सरावाच्या वस्तऱ्याला लावू नये, पाठ आणि धार दोन्ही दगडावर एकदम बसल्याची जाणीव बोटांना व्हायला हवी. आजोबांच्या वस्तऱ्याला जरूर लाव. एका थराने कोन एखाद्या अंशाने वाढतो, बिघडत काही नाही. फक्त ज्या बैठकीत टेप लावलीस त्या बैठकीत शेवटच्या फिल्मपर्यंत ठेवायची. मधेच काढलीस तर कोन बदलतो आणि फिल्म धारेला शिवतच नाही.

पेठकर२६

सात आठवड्यांनी लिहितोय, पण रोज काम चालू होतं.

किंगचा १०००/६००० घेतला, काच आणि फिल्म घेतली, पट्टा घेतला. जुन्या बाजारात तिसऱ्या रविवारी सरळ पात्याचा वस्तरा मिळाला. पहिले दहा दिवस काहीच जमेना. मार्करची शाई एका बाजूला मधोमध राहायचीच. दोनशे हात झाले तरी तेवढीच. मनगट बदलून पाहिलं, दगड फिरवून पाहिला. वस्तराच वाकडा आहे असं ठरवून टाकलं होतं. मग पेन्सिलीच्या चौकड्या आखल्या आणि घासलं, तर कडेच्या रेघा गेल्या आणि मधल्या तशाच. दगड खोलगट झाला होता. आल्यावर एकदाच सपाट केला होता, नंतर नाही. सपाट केल्यावर ती शाई पंधरा हातांत गेली. त्या रात्री मला पहिल्यांदा काकांचा मुद्दा बोटांना कळला.

आजोबांचा वस्तरा जुलैत हातात घेतला. टेपचा एक थर. खाच जायला तीन संध्याकाळी लागल्या. ताई, लॅम्पखाली ती चांदणी रोज थोडी लहान होत गेली, आणि तिसऱ्या रात्री शोधूनही सापडली नाही. मग सहा हजार, मग फिल्मवर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनानेच, दुधावरची साय उचलावी तितक्या हलक्या हाताने.

पट्टा मी मुद्दाम दाराच्या कडीलाच अडकवला. नव्या फ्लॅटचं दार आहे, पण कडी आहे. साठ वेळा ओढला. बाबा आतून उठून आले, उभे राहिले आणि म्हणाले, "तो जरा सावकाश ओढायचा. जाताना थोडा लांब, येताना आखूड." मी तसा ओढला. ते काही बोलले नाहीत, तिथेच उभे राहिले.

पहिल्या दिवशी फक्त दोन्ही गाल केले, हनुवटी साध्या रेझरने. उजवा गाल अगदी गुळगुळीत. डाव्या गालाला मात्र टोकाकडचा अर्धा इंच ओढतो. बुडाकडे आणि मधे केस निघाल्याचं कळतही नाही. टोक फिल्मवर आणखी तीस-चाळीस वेळा घासलं, फरक नाही. काय करू?

धोकटी दादा, लाकडी पट्टीचे आठ दिवस मीही केले. पट्टा अजून अखंड आहे.

भोसरीचा_फिटर

वाचून डोळे भरले रे.

टोकाचं सांगतो. फिल्मवर दुरुस्त करायला जाऊ नकोस, तिथे काही होणार नाही. परत हजारावर ये आणि फक्त टोकाच्या त्या अर्ध्या इंचाला शाई लाव. काठाला काळी रेघ राहिलेली दिसेल, मी पैजेवर सांगतो. वस्तरा तिरका ओढत आणताना तुझं टोक दगडावर पुरता वेळ राहत नाही, आणि बोटाचा भार बुडाकडे पडतो. कोपर अर्धा इंच वर उचल, म्हणजे भार टोकाकडे सरकेल. पाठ मात्र दगडावरून उचलली जाऊ देऊ नकोस. दहा हात, शाई बघ, परत दहा. टेप आधीसारखीच लाव. शाई गेली की सहा हजार आणि फिल्म पूर्ण लांबीवर पुन्हा करायची, नुसत्या टोकाला नाही.

पावसाळा आहे, तेव्हा वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नकोस. दाढी झाली की कोरडा पूस, कोरड्या पट्ट्यावर चार वेळा ओढ आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरव. खोबरेल नको, डिसेंबरात थिजून मुठीच्या खाचेत बसतं. आणि पात्याची अणी अजून टोचरी असेल तर हजारावर दोनदा हलकेच फिरवून बोथट करून घे, डावा गाल करताना तीच कानाच्या पाळीला लागते.